प्रवासाची रात्र कुणाच्या खात्यावर?

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेतील बफेलो शहराजवळ कोलगन एअरचे विमान एका घरावर कोसळले. विमानातली 49 आणि घरातले एक, अशी 50 माणसे गेली. सहवैमानिक 24 वर्षांची तरुणी होती. नेमणूक पूर्व किनाऱ्यावर न्यूअर्कला आणि राहणे आईवडिलांकडे सिएटलजवळ, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानाने निघाली, मेम्फिसला विमान बदलून सकाळी साडेसहाच्या सुमारास न्यूअर्कला उतरली, कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तसा आराम केला आणि कामावर हजर झाली. सर्दीने बेजार होती.

इतक्या लांब राहायचेच कशाला, असे तेव्हाही विचारले गेले. सुनावणीत तिचा वार्षिक पगार सुमारे 16 हजार डॉलर असल्याचे पुढे आले. कंपनीने नंतर तो 24 हजारांच्या आसपास सांगितला. कुठलाही आकडा धरा, न्यूयॉर्कच्या परिसरात त्यात घरभाडे कसे भागावे? कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात ती सांगते की, घरी असताना असे वाटले असते तर आलेच नसते. आता आजारी असल्याचे कळवले तर हॉटेलचा खर्च स्वतःलाच करावा लागेल. प्रामाणिकपणे सांगण्याची जबाबदारी तिची, आणि सांगितल्याचे बिलही तिचेच! कर्मचाऱ्यांच्या खोलीत रात्री झोपायला कंपनीची मनाई होती. न्यूअर्कच्या वैमानिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश असे दुरून येणारे होते, हे कंपनीला कळण्यासारखे नव्हते काय?

वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती, हे कारण चौकशी मंडळाने 2010 मध्ये नक्की केले. ते खोटे नाही. थकव्याचा परिणाम झाला असावा हेही मंडळाने मान्य केले, मात्र कारणांच्या यादीत त्याला जागा दिली नाही. अध्यक्षा डेबोरा हर्समन यांनी त्याविरुद्ध वेगळे मत नोंदवले. आम्हाला त्यांचेच म्हणणे पटते.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, कायदा झाला आणि 2014 पासून नवे नियम आले: कामाआधी 10 तास विश्रांती, त्यात 8 तास झोपेची सोय, आणि थकव्याची जबाबदारी कंपनी व वैमानिक दोघांची. (मालवाहू विमाने वगळली, तिथल्या माणसांना झोप कमी लागत असावी!) घरापासून तळापर्यंतचा प्रवास मात्र खाजगीच राहिला. त्यावर बंदी अनेक वैमानिकांनाही नको आहे, कारण हवे तिथे राहण्याची मोकळीक त्यांना मोलाची वाटते. भरपूर पगाराच्या कॅप्टनची ती मोकळीक असेलही. त्या मुलीची ती मजबुरी होती. कामासाठीच खर्च होणारे, पण कामात न मोजले जाणारे तास आपल्याला नवे नाहीत. कर्जत-कसाऱ्याहून रात्रपाळीला येणाऱ्या नर्सला विचारा.

भारतात वैमानिकांमध्ये स्त्रिया सुमारे 15 टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. याचा अभिमान सरकार वारंवार सांगते. वैमानिकांच्या न्यायालयीन लढ्यानंतर 2025 मध्ये साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या कामाला मर्यादा आली. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमान वाहतूक महासंचालनालयाने रात्रीच्या कामाचे नियम त्या कंपनीपुरते तात्पुरते सैल केले. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलमही मागे घेतले. आजारपणाची रजा काय, बाळाच्या तापासाठी काढलेली रजा काय, ती विश्रांती कशी ठरते, हे कलम मागे घेणाऱ्यांना वैमानिक संघटनांबरोबर स्त्री-संघटनांनीही लेखी विचारावे, असे आम्ही सुचवतो.