भंगार कोणाला म्हणता?

"अजून तोच ट्रॅक्टर? विका ना भंगारात, सबसिडीवर नवा घ्या!" पुण्यात आल्यापासून हे वाक्य मी निदान वीसेकदा ऐकलं असेल. सांगणारे सगळे सुशिक्षित, सहृदय वगैरे. त्यांच्यातल्याच एकाने कुठूनशी एक जुनी येझदी शोधून आणली, दोन वर्षं तिच्यामागे खपला, क्रोम करून घेतलं, आणि आता ती पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. दर रविवारी तिच्यावर मऊ फडकं फिरतं. ती 'व्हिंटेज'. आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात साधारण तेवढ्याच वयाचा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उतरतो, तो मात्र 'भंगार'. फरक काय? तर हा अजून काम करतो!

आणि हे फक्त आमच्या मित्रमंडळींचं मत नाही, सरकारी व्याख्याही तशीच आहे. केंद्राने २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाक्या आणि मोटारी म्हणजे व्हिंटेज. अट अशी की त्या रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरायच्या नाहीत. म्हणजे यंत्र कामातून उठलं की त्याला मान मिळणार. ट्रॅक्टर तर त्या व्याख्येत बसतच नाही. असो.

अमेरिकेत घराच्या आवारातल्या छोट्या ट्रॅक्टरांची आणि गवत कापायच्या यंत्रांची जत्रा भरवणारे हौशी लोक आहेत. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली 'कब कॅडेट' नावाचा असा एक छोटा ट्रॅक्टर काढला होता. तो शोधायचा, गंज उतरवायचा, मूळचा पिवळा-पांढरा रंग मारायचा आणि मिरवायचा. छान छंद आहे, माझी काही तक्रार नाही. पण गंमत बघा, हीच कंपनी १९६३ साली महिंद्राबरोबर भारतात आली, 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' निघाली आणि इंग्लंडमध्ये डॉनकास्टरला बनणारा बी-२७५ आपल्याकडे बनू लागला. तिकडे कंपनीचं जुनं यंत्र हौस म्हणून जपतात, इकडे गरज म्हणून. तिकडच्याला कोणी 'विका भंगारात' म्हणत नाही.

आता माझा खरा मुद्दा. यंत्र किती जुनं आहे यावर त्याची किंमत ठरत नाही. ते बिघडल्यावर कोण, कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त करू शकतं, यावर ठरते. निदान धानाच्या शेतीत तरी.

ज्यांनी धानाची बांधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे शेत म्हणजे धुरे घालून केलेल्या लहान लहान बांध्या. पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपवाटिका. एकवीस ते पंचवीस दिवसांत ते उपटून रोवणी करायची. त्याआधी बांधीत पाणी साठवून चिखलणी. ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावायची, मागे रोटाव्हेटर, आणि आत उतरायचं. हे सगळं वर्षातल्या जेमतेम तीन-चार आठवड्यांत. पऱ्हे म्हातारे झाले की फुटवे कमी येतात, उत्पन्न घटतं. तेव्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रॅक्टर आठ दिवस बंद म्हणजे तुमचं प्रॉडक्शन सर्व्हर दिवाळी सेलच्या रात्री बसण्यासारखं आहे. फक्त इथे बॅकअप नसतो, कारण शेजाऱ्याचाही ट्रॅक्टर त्याच दिवसांत त्याच्या बांधीत असतो.

आणि चिखलणीइतका यंत्राचा छळ दुसरं कुठलंच काम करत नाही. मागचा अ‍ॅक्सल तासन् तास पाण्यात. ऑइल सील जरा चिरलं की पाणी आत. मग डिपस्टिक काढून बघितली की ऑइल दुधासारखं पांढरट दिसतं, तेव्हा समजायचं की आता उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. ब्रेकच्या घरात चिखल. पुढच्या हबमध्ये चिखल. म्हणून आमचे बाबा कितीही दमले तरी संध्याकाळी धुऊन ग्रीसगन फिरवल्याशिवाय ट्रॅक्टर सोडत नाहीत. मळणीच्या दिवसांत तीच काळजी एअर क्लीनरची. जुन्या ट्रॅक्टरांत तो ऑइलच्या वाटीचा असतो, भुसा तिथे बसतो. वाटी काढा, गाळ फेका, नवं ऑइल घाला, झालं. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मोठी कामंही तशीच. धूर पांढरा-निळा येऊ लागला, ऑइल कमी व्हायला लागलं, की मिस्त्री इंजिन खोलतात. ब्लॉक चांगला असेल तर लायनर काढून नवे बसतात, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलतात, हेडवर व्हॉल्व्ह घासून बसवतात, क्रँक गरज पडली तर ग्राइंडिंगला जातो. पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर. आमचे मिस्त्री शाळा अर्धवट सोडलेले. नव्या पोराला त्यांचं पहिलं सांगणं एवढंच, "आधी अवाज आयक, मंग पाना धर." मी चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, ओटो सायकल आणि डिझेल सायकलचे आलेख झोपेत काढू शकतो, पण फ्युएल पंप उघडलेला पहिल्यांदा पाहिला तो यांच्या टपरीत. (माझ्या वर्गातले निम्मे मेकॅनिकलवाले आज जावा लिहितात. तो वेगळा विषय आहे, पण अगदीच वेगळा नाही.)

या सगळ्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे एचएमटी. हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनू लागले, पहिला पंचवीस हॉर्सपॉवरचा. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कंपनीने दुकान गुंडाळलं. ट्रॅक्टर मेले का? नाही! रस्त्यावर, शेतात, वीटभट्टीवर आजही एचएमटी दिसतात. कारण त्या यंत्रात लपवलेलं काहीच नव्हतं. पिस्टन म्हणजे पिस्टन, त्याचं माप घेता येतं. माप घेता आलं की लहान कारखानदार तो बनवतो, दुकानदार तो ठेवतो, मिस्त्री तो बसवतो. बनवणारा गेला तरी बनलेलं उरलं.

हाच ट्रॅक्टर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालणारा असता तर? ज्या दिवशी सर्व्हर बंद, लायसन्स बंद, डीलरच्या लॅपटॉपमधलं टूल बंद, त्या दिवशी तो ट्रॅक्टर खरोखरच भंगार झाला असता. लोखंड धडधाकट, आणि तरीही भंगार. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे 'एंड ऑफ लाइफ' नावाचं हत्यार आपण बनवलंय. आपल्याला त्याची सवय झालीय, कारण आपला फोन तीन वर्षांत बदलतो. ट्रॅक्टर तीस वर्षं वापरायची वस्तू आहे.

आता 'नवा घ्या' या सल्ल्याचा हिशेब करू, कारण हा सल्ला देणारे कोणी कधी तो करत नाहीत. समजा सहा लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याला तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. भागाकार करा. वर्षाला सुमारे ६६ क्विंटल धान नुसतं हप्त्याला! एकरी १५ क्विंटल धरले तर जवळजवळ साडेचार एकरांचं सगळं उत्पन्न. त्यात बियाणं नाही, खत नाही, रोवणीची मजुरी नाही, डिझेल नाही. आमच्याकडे कित्येकांची सगळी मिळून जमीनच तेवढी नसते. आमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं पूर्ण काम, पंप-नोझल धरून, एका वर्षाच्या हप्त्यांपेक्षा बरंच कमी खर्चात झालं, आणि एकदा झालं की पुढची बरीच वर्षं त्याकडे बघायला नको.

मग सरकार कशाला मदत करतं? नव्या खरेदीला. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत अनुदान मिळतं ते नव्या यंत्रावर. इंजिनच्या कामाला, नव्या क्लचला, मागच्या टायरला कोण अनुदान देणार? उलट जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत नव्या ट्रॅक्टरवर जीएसटी होता १२ टक्के, आणि त्याच ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर आणि बऱ्याच सुट्या भागांवर १८ टक्के. म्हणजे आठ वर्षं आपला कर सांगत होता, दुरुस्त करू नका, नवा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टर आणि हे टायर, यातले बरेचसे भाग सगळेच ५ टक्क्यांवर आले. चांगलं झालं. त्याचं श्रेय ज्याला हवं त्याने घ्यावं.

यावर कोणीतरी म्हणणारच, की अरे, जुनी इंजिनं धूर ओकतात, डिझेल जास्त पितात. खरं आहे, पण अर्धं. काळा धूर बहुतेक वेळा वयाचा नसतो. पंप बिघडलेला असतो, नोझल गळत असतं, एअर क्लीनर तुंबलेला असतो. तो दुरुस्तीचा प्रश्न आहे. आणि वर्षातून काहीशे तास चालणाऱ्या यंत्राच्या धुराची चर्चा करताना आपण त्याच्या बदल्यात नवं दोन टन लोखंड ओतायला, घडवायला, वाहून आणायला किती कोळसा जळतो ते मोजत नाही. सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट नसते, आणि धुऱ्यावरून चढताना ट्रॅक्टर मागे उलटून माणसं जातात. मग ती चौकट जुन्या ट्रॅक्टरला बसवून द्यायला अनुदान द्या ना! त्यासाठी अख्खा ट्रॅक्टर कशाला मोडायचा?

घाई का, तेही सांगतो. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे ट्रेम-४ नियम लागू झाले. त्यासाठी कॉमन रेल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, ईसीयू आला. हवा स्वच्छ होते, याला विरोध नाही. आमच्या बांध्यांत चालणारे ट्रॅक्टर बहुतेक ५० च्या खालचे, तिथे साधा पंप टिकून आहे. पण हे तंत्र आज ना उद्या खाली उतरणार. उतरेल तेव्हा चेतावणीचा दिवा लागल्यावर तो कोड वाचायचा हक्क कोणाकडे असेल? मालकाकडे, मिस्त्रीकडे, की फक्त डीलरकडे?

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेलाय. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर याच कारणासाठी दावा लावला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, शेती अवजारं तिच्या यादीत होती, आणि डिसेंबरमध्ये एक पोर्टल निघालं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे पोर्टलं बनवून पोट भरणाऱ्या माणसाने तुम्हाला सांगायला हवं का? :-)

मागणी फार नाही. फॉल्ट कोडची यादी उघडी असावी. तो वाचायचं साधं यंत्र बाजारात कोणालाही मिळावं. सुटा भाग बदलल्यावर तो 'ओळखून' घ्यायला डीलरचा लॅपटॉप लागू नये. मॉडेल बंद झालं की त्याचं सर्व्हिस मॅन्युअल आणि डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर कंपनीने खुलं करावं. तुमच्यापैकी जे हिंजवडीत बसून गाड्यांचं एम्बेडेड लिहितात त्यांना माहीत आहे, यातलं एकही काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

आणि एक आमच्यापुरतं. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' नावाचा ट्रेड आहे, पोरं शिकून बाहेर पडतात आणि मोटारसायकलच्या शोरूममध्ये लागतात, कारण स्वतःचं दुकान टाकायला टेस्ट बेंच परवडत नाही. आमच्या गावाकडून पंप कॅलिब्रेशनला शहरात न्यायचा म्हणजे एक दिवस जायला, एक दिवस रांगेत, एक दिवस परत बसवायला. जुलैत हे तीन दिवस म्हणजे वाळत चाललेली बांधी. एका नव्या ट्रॅक्टरच्या अनुदानाइतके पैसे तालुक्याच्या आयटीआयमधल्या टेस्ट बेंचसाठी बाजूला काढा, आणि ती जून-जुलैत रविवारीसुद्धा उघडी ठेवा.