साथ येण्याआधीची साथ

धारावीत करोनाचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला आणि मुंबईच्या काळजात धस्स झाले. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे, एकेका खोलीत आठ-दहा जणांचा संसार आणि बहुतेकांची भिस्त सार्वजनिक शौचालयावर. अशा ठिकाणी घरातल्या घरात विलगीकरण होणार कसे?

हे एकट्या सरकारी यंत्रणेला पेलणारे नाही, हे महापालिकेने वेळीच ओळखले. वस्तीतच दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर पीपीई किट घालून पालिका कर्मचाऱ्यांसोबत गल्लीबोळांत फिरले, ताप आणि ऑक्सिजन तपासू लागले. शाळा, क्रीडासंकुल, खासगी रुग्णालय यांत खाटा पडल्या. स्वयंसेवी संस्थांनी शिधा आणि तयार जेवण पोहोचवले, म्हणून हातावर पोट असलेल्यांना घरी थांबणे शक्य झाले. हजारो कामगार गावी परतल्याने दाटी कमी झाली, हेही खरे. तरीही १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जगापुढे धारावीचे उदाहरण ठेवले, ते या एकजुटीमुळे.

याउलट चित्र याच महाराष्ट्राने १८९७ मध्ये पाहिले होते. प्लेग रोखण्यासाठी पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँडने गोऱ्या सोल्जरांकरवी घरझडत्या घेतल्या. लोक रुग्ण लपवू लागले, संताप धुमसत गेला आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्चला गेल्या. साथ एकच, एकीकडे दंडुका होता, दुसरीकडे माया.

त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण करोनातही वापरला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला अधिकार भरपूर दिले. सर्वांना सोबत घेण्याची जबाबदारी मात्र कोणावर टाकली नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठरवली, ते योग्यच झाले. पण साथीत प्राण गमावलेल्या खासगी डॉक्टरांच्या कुटुंबीयांना विम्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. संकटात हाक मारायची आणि संकट सरले की 'तुम्ही आमचे नव्हे' म्हणायचे, हे शोभणारे नाही. पुढच्या हाकेला ओ कोण देईल?

म्हणून प्रत्येक प्रभागात आजच कायमस्वरूपी साथ समिती नेमा. तीत पालिकेचे आरोग्य अधिकारी, खासगी डॉक्टर, औषध विक्रेते, आशा सेविका, महिला बचत गट आणि स्थानिक मंडळे असावीत. कोणती शाळा ताब्यात घ्यायची, जेवण कोण पुरवणार, मानधन आणि विमा कोणाकडून, हे लेखी ठरावे. वर्षातून एकदा तालीम व्हावी.

धारावीत डॉक्टरांनी दारावर थाप मारली आणि दार आतून उघडले. कारण ती ओळख साथीत झालेली नव्हती. साथीच्या कितीतरी आधीची होती.