पाट्या टाकण्यापेक्षा वेळासला जा

इंटर्नशिपला आता श्रेयांक मिळतात. त्यामुळे कुठेतरी पाट्या टाकून प्रमाणपत्र आणणारेही वाढले. कॉलेजच्या मुलांनी खरं काम कुठे शिकावं, असं कुणी विचारलं तर आम्ही वेळासचं नाव घेऊ.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण होतं आहे. पहाटे कासवमित्रांबरोबर वाळूतला माग काढायचा, शंभरेक अंडी कुंपणातल्या हॅचरीत मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारीख आणि वाळूचं तापमान टिपायचं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त जन्मतात. म्हणून ही नोंद मोलाची.

अवघड काम पुढेच असतं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा दोरीमागे पर्यटक मोबाइल सरसावून उभे असतात. ‘फ्लॅश मारू नका’ एवढं सांगून भागत नाही. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते, हे आठ वर्षांच्या मुलालाही पटेल असं सांगावं लागतं.

विद्यापीठांनी अशा हंगामाला श्रेयांक द्यावेत आणि मुलांच्या राहण्या-जेवणाचा खर्चही उचलावा. बिनपगारी इंटर्नशिप शेवटी खात्यापित्या घरच्या मुलांनाच परवडते.