क्रूझच्या दारातील यंत्र आणि गोदीतील आरक्षण

२० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी भावनगरहून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन केले. वर्षाला दहा लाख प्रवासी, एकाच वेळी पाच बोटी, तपासणीची ७२ काउंटरे! त्या दहा लाखांत आपले किती, हे आम्ही विचारत नाही. ते सर्वांना ठाऊक आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या दारात नोकरी कोणाला?

आज जगभर क्रूझच्या दारातून माणूस काढून यंत्र बसविले जात आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, बोटही त्याबरोबर वर-खाली होते. पूर्वी खलाशी आणि गोदी कामगार दोर ओढून शिडी लावीत, सारखे लक्ष ठेवीत. आता चाकांवरचा यांत्रिक पूल बोटीच्या दाराशी आपोआप जुळवून घेतो. सामान पट्ट्यावरून जाते. मायामीसारख्या बंदरात तर कॅमेराच प्रवाशाचा चेहरा पासपोर्टच्या फोटोशी ताडून पाहतो. आपल्या विमानतळांवर डिसेंबर २०२२ पासून 'डिजियात्रा' आहेच. बंदरे मागे राहतील असे समजण्याचे कारण नाही.

यंत्राला आमचा विरोध नाही. पाठीवर गोणी वाहून ज्यांच्या मणक्याचा चुरा झाला, त्यांची मुले यंत्राला विरोध कशाला करतील? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यानंतर दोनच वर्षांत, १९४८ साली, गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला. टोळीवाल्याच्या मर्जीवर जगणाऱ्याला हजेरीचा हक्क मिळाला. पुढे बंदरात सरकारी नोकरी आणि त्या नोकरीत आरक्षण आले. मुंबईतील आपल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर गोदीच्या पगारावर शिकला.

'खाउजा' धोरणाने हे आरक्षण रद्द केले नाही. तेवढे धाडस कोणात नाही. जागा तेवढ्या पातळ केल्या. क्रूझ टर्मिनल बंदर प्राधिकरण आणि खासगी चालक यांच्या भागीदारीतून उभे राहिले आहे. संविधानाचे कलम १६(४) राज्याच्या सेवेतील पदांना लागू होते, खासगी चालकाच्या नोकरांना नाही. म्हणजे जमीन जनतेची, धक्का जनतेचा आणि नोकरीची यादी मालकाची! उरलीसुरली कामे कंत्राटी. कंत्राटी कामगाराने न्यायालयात जावे, तर ३० ऑगस्ट २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो. त्या खटल्यात पोलाद प्राधिकरणासमोर उभी होती ती वॉटरफ्रंट कामगारांचीच युनियन. कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. वकिली करताना या निकालापुढे हात टेकलेले कामगार आम्ही पाहिले आहेत.

यंत्र सर्वांना सारखेच पाहते म्हणतात. तेही खरे नाही. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१९ साली तपासलेल्या अनेक प्रणाल्यांत गोऱ्यांपेक्षा आशियाई व आफ्रिकी चेहऱ्यांबाबत चुकीची ओळख दहा ते शंभर पट अधिक आढळली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आहे. यंत्राने अडविले तर दाद कोणाकडे मागायची? जात्यंध माणसावर निदान ॲट्रॉसिटीची फिर्याद तरी देता येते.

बंदराचे सवलतकरार तीस-तीस वर्षांचे असतात. एकदा सही झाली की एक पिढी गेली. म्हणून मागणी सहीच्या आधी झाली पाहिजे. सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक टर्मिनलच्या निविदेत अनुसूचित जाती-जमाती व ओबीसींच्या भरतीची अट हवी. पूल, पट्टा आणि कॅमेरे चालविण्याचे प्रशिक्षण गोदी कामगारांच्या मुलांना आधी मिळाले पाहिजे. आयटीआय झालेली आपली पोरे शिवडी-वडाळ्यात रिकामी बसली आहेत. करारांच्या प्रती माहिती अधिकारात मागण्याचे काम कामगार संघटनांनी आणि आपल्या वकील मंडळींनी या महिन्यातच हाती घ्यावे. अर्जाचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत.