हे दुकान चालतं तरी कसं?

प्रत्येक बाजारपेठेत एक तरी असं दुकान असतं, ज्याच्यापुढून जाताना दोघांतला एक जण हमखास विचारतो, ‘हे चालतं तरी कसं?’ पाटीचा रंग उडालेला, काचेमागे वर्षानुवर्षं त्याच टोप्या नाहीतर तेच बरणीतले खडे, आणि गल्ल्यावर एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. आत गिऱ्हाईक सहसा दिसत नाही. शेजारच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं आणि गेलं, मग केकचं आलं आणि गेलं, मग बड्या कंपनीचे बूट आले, तेही गेले. हे मात्र आहे तिथंच आहे.

आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग याच प्रश्नाला वाहिलेला आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांना हळदकुंकू वाहतात. त्या वह्यांत नेमकं काय लिहिलेलं असतं, हे विचारायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

सुरुवातीला एक गोड गैरसमज बाजूला ठेवू. जुनी दुकानं लोकांच्या प्रेमावर टिकतात, असं आपण मानतो. तसं असतं, तर काळा घोड्याचं गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान ‘ऱ्हिदम हाऊस’ आजही उघडं असतं. मुंबईत गाण्यावर जीव असलेला माणूस आणि त्या दुकानाची पायरी न चढलेला, असं सहसा व्हायचं नाही. ते २०१६ मध्ये बंद झालं. फोर्टमधला ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ टी. एन. शानभागांनी १९४८ साली सुरू केला. पुस्तकविक्रीच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. वाचकांच्या दोन-तीन पिढ्या या दुकानानं घडवल्या, तरी २०१८ मध्ये त्यालाही कुलूप लागलं. ज्यांना लोकांनी जीव लावला ती गेली आणि ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही ती टिकली. तेव्हा लोकप्रियता वेगळी आणि टिकाव वेगळा, हे आधी मान्य करायला हवं.

मग टिकाव कशाचा? वहीतलं पहिलं कलम भाड्याचं. गिरगाव, काळबादेवी, दादर, लालबाग इथल्या जुन्या इमारतींत कितीतरी गाळे पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्यानं घेतलेले आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण धरलं आणि पुढं अर्धं शतक तो आकडा जवळपास गोठून राहिला. ही तरतूद आता वाजवी उरलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं. त्यानंतर आलेला १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ देऊन थांबला. मूळ भाडं शंभर रुपये असेल, तर चार टक्के म्हणजे चार रुपये. त्याच कायद्यानं बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना या संरक्षणातून वगळलं. परिणाम काय झाला, तो रस्त्यावर दिसतो. झगमगीत दुकानाला बाजारभावानं भाडं मोजावं लागतं आणि दोन दिवाळ्या मंदीच्या गेल्या की ते गाशा गुंडाळतं. रंग उडालेल्या पाटीखालचा गृहस्थ मात्र दिवसाला पाच गिऱ्हाइकांवरही भाडं भागवतो.

यात कुणाचंच नुकसान नाही, असं मात्र समजू नये. घरमालकाला मिळणाऱ्या भाड्यात इमारतीचा जिना रंगवून होत नाही, मग दुरुस्तीचं नावच नको. दुकानाच्या डोक्यावरचे मजले लोखंडी टेकूंवर उभे असतात, ते याच हिशेबामुळे. जुन्या बाजारपेठेचं कौतुक करताना हा टेकूही फोटोत यायला हवा.

दुसरं कलम मालाचं. दिवाळीच्या आठवड्यात पुण्यात रविवार पेठेत किंवा मंडईच्या आसपास एखाद्या काष्ठौषधीच्या दुकानापुढं पाच मिनिटं उभं राहावं. एरवी जिथं माशा मारायचं काम, तिथं आता उटण्याच्या सामानासाठी रेटारेटी असते: नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, गव्हलाकचोरा, गुलाबाच्या पाकळ्या. मोबाइलवरची यादी वाचून दाखवणाऱ्या मुलीला मालक मध्येच थांबवतो, ‘बावची कशाला? अंगाला आग होईल. लहान मुलांना लावणार ना?’ यादीतून बावची जाते. तिच्यामागं एक आजी बाळगुटीचं सामान मागतात. तो विचारतो, ‘बाळ किती महिन्यांचं?’ उत्तर ऐकतो आणि मागं वळून न बघता खणातून वेखंड, मुरुडशेंग, सागरगोटा, जायफळ, काकडशिंगी काढत जातो. कागद आधीच कापून ठेवलेले. पुडी बांधली की दोरा दातानं तोडायचा, वर पेन्सिलीनं नाव लिहायचं. दहा ग्रॅम मागा, दहा ग्रॅम मिळेल. घरपोच मागवायला गेलं तर तीच वस्तू अर्ध्या किलोच्या पाकिटात येते आणि उरलेली पुढच्या बाळंतपणाची वाट पाहत फडताळात पडते.

या दुकानाचं बळ गर्दीत नाही, मालात आहे. कपड्यांच्या दुकानात गेल्या वर्षीचा माल यंदा पडेल भावानं काढावा लागतो. मोबाइलच्या दुकानात तो सहा महिन्यांतच शिळा होतो. हिरड्याची फॅशन जात नाही. कीड आणि ओल यांच्यापासून जपला, की आज नाही खपला तरी उद्या खपतो, पैसा अडकतो पण बुडत नाही. शिवाय आपल्याला फळीपलीकडचा व्यापार दिसत नाही. वैद्य, छोटे औषध कारखानदार, मसालेवाले, उटण्याची पाकिटं करणारे बचत गट यांच्याकडे माल मागच्या दारानं पोत्यांनी जातो. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी आणि सुंठेचा काढा घ्यायला सांगितलं आणि गुळवेल घराघरात पोचली, तेव्हा ज्यांनी ही दुकानं मोडीत काढली होती त्यांनाच त्यांचे पत्ते शोधावे लागले. रस्त्यावरून दिसतो तो किरकोळ धंदा, पोट भरतं ते घाऊकवर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

असंच गणित शाळेच्या गणवेशांचं दुकान मांडतं. मे-जूनमध्ये कमावतं आणि उरलेलं वर्ष त्यावर काढतं. पगड्या, फेटे आणि झेंडे विकणाऱ्याला शिवजयंती, गणपती, लग्नसराई आणि निवडणुका पुरतात. निवडणूक कुणीही जिंको, उपरणी दोन्ही बाजूंची इथूनच गेलेली असतात.

काही दुकानांना सरकारी नियमानं जगवलं. शिरवळच्या कारखान्यातलं गोदरेजचं टंकलेखन यंत्रांचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं. तरीही तालुक्याच्या गावी पहिल्या मजल्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली खडखड पुढं काही वर्षं चालूच होती. कारण साधं होतं. सरकारी लिपिकाच्या जागेला मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचं प्रमाणपत्र लागत होतं. पुढं राज्य परीक्षा परिषदेनं ती परीक्षा संगणकावर नेली. काही इन्स्टिट्यूट बंद पडल्या, काहींनी यंत्रं भंगारात काढून संगणक मांडले आणि पाटी तीच ठेवली. गिऱ्हाईक बाजारानं आणलं नव्हतं, जाहिरातीतल्या पात्रतेच्या अटीनं आणलं होतं. ती अट आहे तोवर जिन्यावर चपला दिसणार.

वहीतलं आणखी एक कलम बहुधा लिहिलेलंच नसतं. ते म्हणजे घरच्या माणसांचा पगार. पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असतं. दुपारी जेवायला वर जाताना बाईंना खाली बसवायचं, सुट्टीत मुलानं पुड्या बांधायच्या, हिशेब सुनेनं करायचा. यातल्या कुणालाही महिन्याला पाकीट मिळत नाही. ही मजुरी खर्चात धरली, तर कित्येक दुकानांचा नफा जागच्या जागी तोट्यात जाईल. हाताखालच्या नोकराचा पगारही फारसा फुगलेला नसतो. गाळा स्वतःचा असेल तर तो भाड्यानं देऊन गल्ल्यापेक्षा जास्त पैसे घरबसल्या मिळतील, हे मालकाला तुमच्या-माझ्याआधी कळलेलं असतं. ‘मग देत का नाही?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘देऊन दिवसभर करू काय?’ हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. साठी उलटलेल्या माणसाला सकाळी नऊला जायला जागा असणं, चौकातल्या चार माणसांनी नावानं हाक मारणं, याची किंमत ताळेबंदात मांडता येत नाही. त्यानं ती मनातल्या मनात मांडलेली असते.

शेवटचं कलम सगळ्यांत कमी बोललं जाणारं. पागडीचा गाळा ज्या कामासाठी दिला, त्या कामासाठी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरला नाही, तर घरमालकाला तो परत मागण्याचा आधार १९९९ चा कायदा देतो. म्हणून कुणी रोज सकाळी शटर उघडतं, उदबत्ती लावतं, धूळ झटकतं आणि तोच माल मांडून बसतं. विक्री झाली तर ठीक, नाही झाली तरी हरकत नाही. असा दुकानदार पुनर्विकासाची वाट पाहत असतो. हा माणूस माल विकायला बसलेला नाही, ताबा राखायला बसला आहे. ‘हे चालतं तरी कसं?’ या प्रश्नाचं निम्म्या वेळचं खरं उत्तर ‘ते चालवायचंच नाही, उघडं ठेवायचं आहे’ हे असतं.

या सगळ्या कलमांची बेरीज केली की एक गोष्ट लक्षात येते. ही दुकानं गिऱ्हाईक आटल्यानं क्वचितच बंद पडतात. त्यांना उभं करणारा एखादा न दिसणारा आधार निघाला की ती पडतात. मुलगा पुण्याहून बेंगळुरूला नोकरीला गेला, परीक्षेची अट बदलली किंवा इमारत पाडायला काढली, की संपलं. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे इमारती आणि साडेबाराशे दुकानं एकाच पुनर्विकास योजनेत आली. गिरगाव-दादरमध्ये एकेक चाळ तशाच वाटेनं निघाली आहे. जुन्या दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळतो, नाही असं नाही. पण जिथं भाडं काही शे रुपये होतं, तिथं आता देखभाल खर्च हजारांत येतो. रस्त्याला लागून असलेली फळी कधी आतल्या बाजूला जाते, कधी पहिल्या मजल्यावर. नवी जागा जुन्यापेक्षा स्वच्छ असते, सुरक्षित असते आणि नेमकी त्या धंद्याला परवडणारी नसते.

दुकान बंद होणार अशी बातमी आली की आपली धावपळ बघण्यासारखी असते. शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात, पाटीखाली सेल्फी निघतात, ‘एका युगाचा अस्त’ असे मथळे येतात. या रांगेतल्या किती जणांनी मागच्या पाच वर्षांत तिथं काही विकत घेतलं होतं? दुकानदाराला श्रद्धांजली नको असते, गिऱ्हाईक हवं असतं. आमचं म्हणणं एवढंच आहे, की या दुकानांकडे आठवणींचं संग्रहालय म्हणून बघणं थांबवावं आणि धंदा म्हणून बघावं. पुनर्विकासाच्या आराखड्यात छोट्या गाळ्याची रस्त्याकडची फळी आणि त्याला झेपणारा देखभाल खर्च यांचा विचार आधीच व्हायला हवा. आणि घरमालकांनाही त्यांच्या मालकीचं वाजवी मोल मिळायला हवं, कारण टेकूंवर उभी असलेली इमारत कोसळली तर दुकानही तिच्याबरोबर जातं. सगळी दुकानं वाचावीत, असंही आम्ही म्हणत नाही. ज्याची गरज संपली त्यानं सन्मानानं शटर ओढावं. पण गरज असताना केवळ हिशेब न समजल्यामुळं दुकान जाऊ नये.

हे सगळं आम्ही एवढ्या आपुलकीनं लिहितो, त्यामागं स्वार्थ आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत हेही एक दुकान चालू आहे आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘हल्ली दिवाळी अंक वाचतं कोण? हे चालतं तरी कसं?’ उत्तर वर आलेलंच आहे. वर्षातले दोन महिने धंदा, बाकीचे दहा महिने तयारी. फराळाच्या दुकानाची आणि बँकेची जाहिरात कागदाचा खर्च उचलते. गावोगावची अनुदानित ग्रंथालयं अंकांचे संच घेतात, तो आमचा मागच्या दाराचा घाऊक व्यापार. मुद्रितं घरातलीच माणसं तपासतात आणि त्यांचा पगार खर्चात धरलेला नाही. लेखकांनी मानधनापेक्षा उशिराच्या तारखांचाच अधिक अनुभव घेतला, तरी ते पुन्हा लिहितात. त्यांचे आभार मानायला ही जागा अपुरी आहे.

यंदाच्या विशेष विभागात पागडीचा कायदा, पेठेतल्या बायकांचं न मोजलेलं काम आणि तालुक्याच्या बाजारपेठा यांवर लेख आहेत. सोबत कथा, कविता, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य नेहमीप्रमाणे. राशिभविष्यावर आमचा विश्वास नाही, पण सर्वाधिक गिऱ्हाईक त्याच पानावर येतं आणि दुकानदारानं खपणारा माल फळीवरून काढू नये.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. अंक आवडला तर शेजाऱ्याला वाचायला जरूर द्या. मात्र पुढच्या वर्षी त्याला स्वतःचा घ्यायला लावा. आणि उटणं यंदा सुटं सामान आणून घरी करा.



— संपादक