विश्लेषण : पुढची मोठी पल्सर ४०० सीसीची की ३५० सीसीची?

चर्चा कशामुळे?
‘बजाज ऑटो’ने मे २०२४ मध्ये ३७३ सीसीची ‘पल्सर एनएस ४०० झेड’ आणली. फेअरिंग असलेली ‘आरएस २००’ तर २०१५ पासून रस्त्यावर आहे. त्यामुळे ‘आरएस ४००’ही येणार, असा तर्क नाशिकच्या शोरूमपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत लढवला जातो.

अडते कुठे?
करात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढच्या दुचाकींवर उपकरासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. ३७३ सीसीचे इंजिन ही मर्यादा अवघ्या २३ सीसीने ओलांडते.

खिशाला फरक किती?
करापूर्वी दीड लाखाची दुचाकी १८ टक्क्यांनी १ लाख ७७ हजारांना, तर ४० टक्क्यांनी २ लाख १० हजारांना पडते. म्हणजे ३३ हजारांचा फरक. विमा आणि आरटीओचा खर्च वेगळाच.

तोडगा आहे का?
या इंजिनाचा बोअर ८९ मिमी, तर स्ट्रोक ६० मिमी आहे. स्ट्रोक ४ मिमीने कमी केल्यास क्षमता ३४८ सीसी होते. मात्र त्यासाठी नवा क्रँकशाफ्ट आणि नव्याने चाचण्या लागतात. ताकदही थोडी घटते.

ग्राहकांनी काय पाहावे?
नाशिक-पुणे रस्त्यावरील चाकणच्या कारखान्यातून पुढे कोणतीही पल्सर आली, तरी नावातल्या ‘४००’वर जाऊ नये. कर ठरतो तो इंजिनाच्या प्रत्यक्ष क्षमतेवर. आगाऊ पैसे भरण्याआधी सीसी आणि ऑन-रोड किंमत लेखी घ्यावी.