केसपेपरवर न आलेली पुडी

‘काय काय घेता?’ असे विचारले की मधुमेहाचा रुग्ण आपल्याला गोळ्यांची नावे सांगतो. उपाशीपोटी घेतलेला कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण किंवा दुकानातून आणलेली शुगरची कॅप्सूल त्याच्या लेखी औषध नसते, म्हणून सांगायची राहते. मग गोळीचा डोस आपण अर्ध्या माहितीवर ठरवतो. या पूरकांची चौकशी प्रत्येक भेटीत वेगळी करावी आणि उत्तर केसपेपरवर लिहावे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

यात घरगुती उपायांविषयी तुच्छता नाही. मेथीचेच पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांना तेल काढलेल्या मेथीची पूड दोन जेवणांतून दिली. फास्टिंग शुगर उतरली, लघवीतून जाणारी साखरही घटली. मात्र पूड होती दिवसाला १०० ग्रॅम. मेथीतला चिकट तंतू पोटात फुगतो, अन्न हळू पुढे सरकते आणि साखर सावकाश शोषली जाते. असा परिणाम साहजिकच प्रमाणावर अवलंबून असतो. ५०० मिलिग्रॅम पुडीची कॅप्सूल दिवसातून दोनदा घेणाऱ्याच्या पोटात त्याचा शंभरावा हिस्सा जातो. कॅप्सूलमध्ये अर्क असेल तर गोष्ट वेगळी, पण मग अभ्यासही त्या अर्काचाच दाखवायला हवा. दालचिनीची कीर्ती २००३ मधील पाकिस्तानातल्या ६० रुग्णांच्या, ४० दिवसांच्या चाचणीमुळे पसरली. पुढे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

‘फायदा नसला तरी अपाय नाही, घेऊ दे’ असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. ग्लिमेपिराइडवर असलेल्या, कमी जेवणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत हे मला मान्य नाही. तिथे साखर थोडी जरी आणखी उतरली तरी हायपोचा धोका वाढतो. शिवाय पुडीत नेमके काय आहे, याची खात्री कोण देणार? सिंगापुरात २००८ मध्ये मधुमेह नसलेले सुमारे दीडशे जण तीव्र हायपोने रुग्णालयात आले, त्यातले चार दगावले. लैंगिक शक्तीसाठी घेतलेल्या बनावट गोळ्यांत आणि वनौषधींत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले निघाले.

मेटफॉर्मिनचे मूळही वनस्पतीतच आहे, हा आक्षेप रास्त आहे. गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्यापासून त्या संशोधनाची वाट सुरू झाली. पण रुग्णाच्या हाती आले ते निश्चित मात्रेचे, वर्षानुवर्षे तपासलेले रसायन. कारले आणि जांभूळ यांनाही तीच कसोटी लावावी, आणि त्यात उतरले तर आपण ते आनंदाने लिहून द्यावे. जे पूरक खरोखर लागते तिकडे मात्र आपलेच दुर्लक्ष होते: दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारींत, बी१२ कमी पडते आणि पायांची बधिरता साखरेच्या खात्यावर जमा होते.

गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो, हे खरे. तरी ‘गोळ्यांशिवाय घरचे, दुकानातले, कुणी सांगितलेले काय चालू आहे?’ एवढे विचारायला फार वेळ लागत नाही. रागावून विचारले तर उत्तर ‘काही नाही’ असेच येईल. म्हणून आधी ऐकून घ्यावे, पुढच्या वेळी पुडी किंवा बाटली सोबत आणायला सांगावी, आणि हे घेताना गोळी बंद केली होती का, तेही तेव्हाच विचारावे.